लाल काठाचं शीड

मालक कापूस ओठावर ठेवून पाहायचे. बोज्यात हात खुपसून आतला चिमूटभर कापूस काढायचे, डोळे मिटायचे आणि मिशीच्या खाली वरच्या ओठावर तो हलकेच टेकवायचे. मग दोन्ही अंगठ्यांत धरून ओढायचे. "अंजनगावकडचा हाय. पह्यल्या वेचणीचा," म्हणायचे, आणि तो तिथलाच निघायचा.

माणसंही ते अशीच पारखत. कोणी नवा माणूस वखारीत आला की त्याच्याकडे एक डोळा बारीक करून बघत आणि तो गेल्यावर निकाल देत. "आखूड धागा. ओढला का तुटते." किंवा, "लंबा धागा हाय याचा, पन कचरा लय." अमरावतीतले मोठमोठे व्यापारी, तहसिलीतले अंमलदार, गावचे पाटील, कोणीही या मोजणीतून सुटला नाही. माझा धागा केवढा, हे मात्र त्यांनी कधी सांगितलं नाही, आणि विचारण्याची माझी छाती नव्हती.

बैलांशी ते 'अहो' करून बोलायचे. माणसांना 'अबे'. एकदा गाडीवानाने विचारलं तेव्हा म्हणाले, "बैल माह्यासाठी राबते अन् तोंड उघडत नाही. तू राबत नाही अन् बोलून राहिला. मंग मान कोनाले देऊ?"

त्या वर्षांत तिकडे अमेरिकेत भावाभावांत लढाई जुंपली होती आणि तिथला कापूस अडला होता, म्हणून विलायतेला आमचा कापूस हवा होता. वऱ्हाडात पैसा असा आला की लोकांना तो कुठे ठेवावा कळेना. कोणी बैलांच्या शिंगांना चांदीच्या शेंब्या बसवल्या, कोणी गाडीच्या चाकांना चांदीची पट्टी मारली. गाडवाटेवरच्या बाभळी दोन्ही बाजूंनी पांढऱ्या दिसायच्या, जाणाऱ्या गाड्यांतला कापूस काट्यांना अडकून. मालक रोज संध्याकाळी देवापुढे उभे राहून मोठ्याने म्हणायचे, "बाप्पा, ते दोघं भाऊ भांडून राहिले, त्याइचं भांडन मिटव." मग थोडं थांबून हळू आवाजात, "पन हळूहळू."

मी त्यांच्याकडे कसा आलो ते सांगायला हवं, कारण पुढचं सगळं त्यातूनच निघालं.

मी कोकणातला. मराठी तिसरीत शाळा सुटली, कारण वडील गेले. मुंबईला कुलाब्याच्या कापसाच्या मैदानात हमाली केली, तिथून एका आडत्याच्या माणसाबरोबर वऱ्हाडात निघालो. रूळ जिथपर्यंत आले होते तिथपर्यंत आगगाडी, पुढे बैलगाडी. वाटेत हिवताप भरला. त्या माणसाने मला अमरावतीत मालकांच्या वखारीच्या अंगणात उतरवलं आणि तो निघून गेला. मी सरकीच्या ढिगाला टेकून पडलो होतो. अंगात ताप, पोटात दोन दिवस काही नाही. मालक आले, एक डोळा बारीक केला.

"कोन गावचा बे?"

"कोकणातला."

"समुद्र पाह्यला?"

"पाहिला."

ते माझ्याजवळ उकिडवे बसले. आवाज एकदम मऊ झाला. "नाव चालवता येते तुले? शिडाची?"

आमचं गाव खाडीपासून सहा कोस आत, डोंगराच्या पोटात. आम्ही भात पिकवणारे. जन्मात एकदा मुंबईला जायला गलबतात बसलो, तेव्हा दोन दिवस कोणाच्या तरी टोपलीत तोंड घालून पडून होतो. पण घरातून कण्या शिजल्याचा वास येत होता. मी मान डोलावली.

"बाई," मालकांनी आत हाक मारली, "कण्या आना याच्यासाठी. आपल्याले तांडेल भेटला."

बाई म्हणजे मालकीणबाई. उंच, सावळ्या, फार कमी बोलणाऱ्या. त्यांनी थाळी माझ्यापुढे ठेवली आणि क्षणभर माझ्या हातांकडे पाहिलं. तेव्हा मला वाटलं, ताप किती आहे ते बघताहेत.

त्या दिवसापासून मला सगळे तांडेल, म्हणजे नाव हाकणारा, म्हणू लागले. काम होतं बोज्यांवर गेरूने अक्षरं काढायचं. दोन वेळ जेवण, वखारीच्या ओट्यावर झोपायला जागा, ताप उलटला की बाईंच्या हातचा काढा. दर घासाला मला आठवायचं की हा घास एका खोट्या मानेवर मिळतो आहे. ज्या दिवशी खरं कळेल त्या दिवशी मी पुन्हा अंगणात, आणि या मुलखात मला ओळखणारं दुसरं कोणी नव्हतं.

मालकांना नाव कशासाठी हवी होती ते पहिल्याच आठवड्यात कळलं. ते एकदा कापसाबरोबर मुंबईला गेले होते. तिथे संध्याकाळी मोठी माणसं शिडाच्या नावेत बसून समुद्रावर हवा खायला जातात, तसे तेही गेले. सूर्य पाण्यात बुडेपर्यंत ते नावेत होते. ही गोष्ट ते आठवड्यातून एकदा तरी सांगायचे आणि दर वेळी ती थोडी वाढायची. पहिल्यांदा मी ऐकली तेव्हा नावेला एक डोलकाठी होती. होळीपर्यंत तीन झाल्या. बाई जवळच वाती वळत बसलेल्या असायच्या. त्या ऐकायच्या आणि काही म्हणायच्या नाहीत.

"बाईले दाखवाचं हाय," मालक म्हणायचे. "मुंबईले तिले कोन नेते? तळं तं आपलंच हाय."

तळं खरंच आपलं म्हणण्यासारखं होतं. वलगावच्या वाटेवरून डावीकडे एक गाडवाट फुटते, तिच्या टोकाला मालकांचं गाव आणि गावाच्या वरच्या अंगाला ते तळं. तीन बाजूंना टेकड्या, एका बाजूला जुना बांध. हिवाळ्यात पांढरी बदकं उतरायची. एक म्हातारा भोई तिथे शिंगाडे लावायचा आणि लाकडाच्या डोंग्यातून बांबूने पाणी ढकलत हिंडायचा.

नाव बांधली आमच्या गाडीच्या सुताराने. त्याने आयुष्यात गाड्यांशिवाय काही बांधलं नव्हतं. मेळघाटाचं सागवान आणलं, गाडीची लांब दांडी उभी करून डोलकाठी केली. फळ्यांच्या फटींत मालकांनी आपल्या हाताने कापूस भरला, जवसाच्या तेलात राळ कालवून. तोही लंबा धागा. सुतार म्हणाला, "मालक, फटीत भराले कचऱ्याचा कापूस चालन." मालक म्हणाले, "तुह्या चुलत्याच्या जिवाले चालन. माही बाई बसनार हाय."

शीड वऱ्हाडाच्याच कापसाचं पाहिजे, असा हट्ट होता. बार्शीटाकळीच्या एका मोमीन विणकराला ते सांगितलं. त्याने मापं ऐकली, पुन्हा ऐकली, आणि विचारलं, "मालक, इत्ता बडा धोतर किसका हय?" महिन्याने शीड आलं. सुरेख विणलेलं होतं, पण दोन्ही बाजूंना बोटभर लाल काठ. मालकांनी विचारलं तर विणकर दुखावला. बिनकाठाचं कापड आपल्या मागावरून उतरत नाही म्हणाला. मालकांनी काठावरून हात फिरवला आणि त्याला दुपट्टा दिला.

मी मात्र दिवसेंदिवस सुकत चाललो होतो. एकदा चोरून तळ्यावर गेलो, भोयाला तंबाखू दिली आणि शिडाचं काही माहीत आहे का विचारलं.

"पाल-गील आमी नाही पाह्यलं, भाऊ. आमी बांबूवाले," तो म्हणाला. मग माझ्या तोंडाकडे पाहून हसला. "तू तं तांडेल ना? मले कावून इचारते?"

"उगीच."

"एक सांगतो. वारा दिसत नाही, पन पाणी दिसते. दूरचं पाणी काळं पडलं ना, का काठावर ये. मंग कोनाले इचारू नको."

एवढीच माझी विद्या.

नाव पहिल्यांदा पाण्यात घातली तेव्हा मालकांनी ती गाडीसारखी भरली. गाडीत ओझं मागे गेलं की ती उलार होते, जू वर उठतं, बैलांच्या गळ्याला फास बसतो. म्हणून ओझं जरा पुढे ठेवायचं. मालकांनी पुढे तीन धोंडे ठेवले. नावेने नाक पाण्यात घातलं आणि आम्ही कमरेएवढ्या पाण्यात उभे राहिलो. सगळा गाव बांधावर होता. मी म्हणालो, "कोकणात धोंडे मधे ठेवतात." ते तोंडाला आलं म्हणून बोललो, पण मालकांनी माझ्या पाठीवर थाप मारली. "मंग बोलत कावून नाही बे? तांडेल असून गप राह्यते." त्या थापेचं मला किती ओझं झालं ते कोणाला सांगू?

संक्रांत होऊन गेली होती. एका दुपारी मालकांनी सांगितलं, "आज. तळ्यावर कोनी येऊ नये. भोयालेबी सांगा. मी, बाई अन् तांडेल." पगडी नवी बांधली. बाई हिरवं लुगडं नेसून आल्या, हातात पानाचा डबा. त्या नावेत अशा उतरल्या की नाव हललीसुद्धा नाही. मी उतरलो तेव्हा ती हलली.

मालकांनी शिडाची दोरी स्वतः कडेच्या खुंटीला बांधली. मी म्हणालो, "मालक, मी धरतो हातात." ते हसले.

"माह्या आज्याच्या वेळी बोजे बैलावरून मिर्झापूरले जात. तीन तीन महिने. ही त्याइची गाठ हाय. जेवढी ओढ बसन तेवढी आवळते. हिच्यातून आजवर एक बोजा सुटला नाही."

खरंच सुंदर गाठ होती ती. वखारीत सगळे तिचं नाव घेत.

आरंभी वारा नावापुरता होता. नाव हळूहळू मध्यावर गेली. सूर्य बाभळींच्या वर हातभर राहिला होता आणि पाण्यावर सरकी सांडावी तसे उजेडाचे दाणे पसरले होते. शीड अर्धवट फुगलेलं, त्याचा लाल काठ उजेडात पेटल्यासारखा. मालक ताठ बसून होते, दोन्ही हातांनी कड घट्ट धरून. मुंबईची गोष्ट सांगायला त्यांनी सुरुवात केली, "हे असंच, बिलकूल असंच," आणि का कुणास ठाऊक, मधेच थांबले.

तेवढ्यात उत्तरेच्या टेकडीखालचं पाणी मला काळं दिसलं.

मी पाहिलं. मला भोयाचं बोलणंही आठवलं. पण नाव वळवायची कशी ते मला ठाऊक नव्हतं, आणि वळवा म्हटलं तर 'वळव' म्हणतील. म्हणून मी गप्प बसलो. आजवरच्या आयुष्यात मला सगळ्यात जास्त लाज वाटते ती या गप्प बसण्याची. नावेत मी एकटा नव्हतो.

वारा आला तो एकदम. शीड फाडकन भरलं, नाव एका अंगावर कलली आणि कडेवरून पाणी आत आलं. गाडी कलली की गाडीवान उठून उभा राहतो. मालक तसे उभे राहिले. नाव आणखी कलली.

"खाली बसा," बाई म्हणाल्या.

"तांडेल, काय करू?" मालक ओरडले. "सांग लवकर."

"मालक," मी म्हणालो, "मला काही येत नाही. मी कधी नाव चालवलेली नाही. मी खोटं बोललो."

मालकांचं तोंड उघडंच राहिलं. "अबे, मंग इतके दिवस—"

"ते मंग बोला," बाई म्हणाल्या. "पह्यले खाली बसा दोघंबी. अन् हे दोर सोडा."

आम्ही बसलो. मालकांनी गाठीला हात घातला. शीड ओढत होतं आणि गाठ आपलं काम करत होती, जेवढी ओढ तेवढी आवळत होती. मालकांची नखं सोलली. मी दातांनी ओढून पाहिलं. पाणी आमच्या मांड्यांपर्यंत आलं होतं. मालक गाठीकडे असे पाहत होते, जणू एखादा घरचा माणूस ऐन वेळी ओळख देईना.

बाईंनी पानाचा डबा उघडला आणि अडकित्ता काढला. आम्हाला बाजूला सारून त्या पुढे सरकल्या, दोरी अडकित्त्याच्या तोंडात धरली आणि सुपारी कातरावी तशी कातरू लागल्या. कट्, एक पीळ. कट्, दुसरा. पाचव्या का सहाव्या कटाला दोरी सुटली. शीड फडफडत एकीकडे गेलं, त्याचा काठ पाण्यात पडला आणि नाव सरळ झाली.

वारा जसा आला तसा निघून गेला. बाई पानाच्या डब्याच्या झाकणाने पाणी उपसू लागल्या, मग मीही ओंजळीने. नाव आपोआप कुठेतरी चालली होती. सूर्य बाभळींत उतरला होता. मी उद्याचा विचार करत होतो. माझं काय सामान होतं? एक वळकटी, एक तांब्या.

"मी बी नाही बसलो," मालक पाण्याकडे बघत म्हणाले.

"कशात?" मी विचारलं.

"मुंबईले. नावेत. फळीवर पाय ठेवला अन् पाय कापाले लागले. मंग खांब धरून उभा राह्यलो. ते लोकं गेले, फिरून आले. सूर्य बुडेपर्यंत मी खांबालेच होतो."

बाईंनी पाणी उपसणं थांबवलं नाही. "मले ठाऊक हाय. जो मानूस पूर्णा नदीच्या पान्यात गुडघ्याच्या वर उतरत नाही, तो समुद्रात कवा जाते?"

"ठाऊक होतं तं बोलली कावून नाही?"

"तुमी इतकं रंगून सांगा. मले बरं वाटे आयकाले."

मालकांनी खुंटीवर उरलेल्या गाठीला बोट लावलं. "तुले हे... दोर कापाचं कसं सुचलं?"

"माह्या माहेरचं वावर पूर्णेच्या पलीकडे होतं. पावसाळ्यात रोज डोंग्यात बसून निंदाले जावं लागे. लग्न होईस्तोर मी तेच केलं." मग माझ्याकडे वळून, पहिल्या दिवशी पाहिलं तसंच माझ्या हातांकडे पाहत त्या म्हणाल्या, "दोर धरनाऱ्याचे हात असे नसतात, तांडेल. मले तवाच समजलं होतं."

"कधी सांगतलं नाही तू," मालक म्हणाले.

"कधी इचारलं तुमी?"

यावर मालक हसतील असं मला वाटलं, पण ते हसले नाहीत. त्यांनी पगडी काढून मांडीवर ठेवली. बाईंनी भिजलेल्या पानांतलं एक बरं पान शोधून लावलं, त्यांना दिलं, एक मला दिलं. सूर्य गेल्यावर पाणी काही वेळ आभाळापेक्षा उजळ राहतं, हे मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं. पांढरी बदकं आमच्या अगदी जवळून पोहत गेली. नाव कोणी चालवत नव्हतं. शिडाचं सुटलेलं टोक पाण्यावर पसरून आमच्या मागून येत होतं. मालक एकदाच म्हणाले, "बिलकूल असंच होतं, बरं का. खांबापासून."

मग भोई डोंगा घेऊन आला. येऊ नको म्हटलेलं असूनही आला. शिडाकडे पाहिलं, आम्हा तिघांकडे पाहिलं, आणि म्हणाला, "धोतर धुवून झालं असन तं चला, मालक."

सकाळी मी वळकटी बांधून वखारीच्या ओट्यावर बसलो. मालक बोज्यांमधून हिंडत होते. ओठावर कापूस टेकवला, ओढला, टाकून दिला. माझ्यापुढे येऊन उभे राहिले.

"कुठी चालला?"

"तुम्ही म्हणाल तिथे."

"एका नावेत दोन खोटे चालत नाहीत," ते म्हणाले. "पान्यात जीव जाते. आता नाव माही हाय, म्हनून खोटं मी बोलीन. तू खरं बोलत जाय. जमन?"

"जमेल."

"मंग वळकटी सोड. अन् बोज्याइवर खुना कोन करन, तुहा बाप?" वळून दोन पावलं गेले आणि परत आले. "तुहं वजन किती हाय बे?"

कशासाठी विचारलं ते चार दिवसांनी कळलं. सुताराने शिडाला नवी दोरी लावली होती, आणि ती आता खुंटीला बांधायची नाही, बाईंच्या हातात राहायची, असं ठरलं होतं. मालक पुढे बसले, कड धरून. बाई मागे. मी विचारलं, मी कुठे? "मधात," बाई म्हणाल्या. "धोंड्याइच्या जागी. हलू नको, बोलू नको, पाणी काळं दिसलं तं सांग."

पुढे तिकडची लढाई थांबली. बातमी आली त्या संध्याकाळी मालकांनी देवापुढे नारळ फोडला, कारण मागितलं तेच देवाने दिलं होतं, आणि मग बराच वेळ तिथेच बसून राहिले. बैलांच्या शिंगांवरच्या चांदीच्या शेंब्या निघाल्या, चाकांच्या पट्ट्या निघाल्या. निम्मी वखार रिकामी झाली. नाव मात्र कोणी विकत घेईना, वऱ्हाडात नाव घेऊन करायचं काय? म्हणून ती राहिली. आठवड्यातून एकदा, ऊन उतरलं की बाई पानाचा डबा घ्यायच्या आणि आम्ही निघायचो. मुंबईची गोष्ट मालकांनी सोडली नाही. नवा पाहुणा आला की सांगायचेच. डोलकाठ्या पाचावर गेल्या होत्या. गोष्ट संपली की ते माझ्याकडे बघत, आणि मी ठरल्याप्रमाणे खरं बोलायचो, म्हणजे गप्प बसायचो.

आता मी अकोल्यात असतो. कोकणात पुन्हा गेलो तो एकदाच. लोक विचारतात, मालकांकडे काय काम करत होतास. खुणा करायचो, असं सांगतो. पण त्या तळ्यावर चार वर्षं मी नावेतलं ओझं होतो. इतकं चांगलं काम मला पुन्हा मिळालं नाही.